जुन्या कॅम्पर व्हॅनला नवे पाय : टायर आणि रिम निवडताना काय पाहाल?

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्याकडे एकच चर्चा सुरू होते, यंदा कुठे जायचं? काही घरांमध्ये या प्रश्नाचं उत्तर अंगणातच उभं असतं. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, जुनी ओम्नी किंवा ईको. आत दोन फळ्या टाकून केलेला पलंग, छोटीशी शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना आईने शिवलेले पडदे. नाव कॅम्पर व्हॅन, पण घरच्यांसाठी ती म्हणजे चाकांवरचं छोटंसं घर.

या घराची रंगरंगोटी होते, गाद्या बदलतात, नवा पंखा बसतो. पण ज्यावर हे सगळं घर उभं असतं, त्या चार टायरांकडे बघायला कोणाला वेळ नसतो. "अजून चालतील की, नक्षी तर नवीन दिसतेय!" असं म्हणून आपण पुढे जातो. मित्रांनो, आजचा हा लेख नेमका याच वाक्याबद्दल आहे. कारण जुन्या कॅम्पर व्हॅनच्या बाबतीत हे वाक्य सगळ्यात धोकादायक आहे.

आम्ही राहतो जयपूरच्या मुरलीपुऱ्यात. शेजारी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र, पलीकडे सीकर रोड. दिवसरात्र ट्रक, टेम्पो, बसची वर्दळ. इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना गावी जायचं तर पुण्यापर्यंतचा रस्ता बाराशे किलोमीटरच्या आसपास पडतो. जयपूरहून निघताना पारा ४५ अंशांच्या जवळ, पुढे अरवलीचे घाट, मग गुजरातचे सरळ महामार्ग आणि शेवटी सह्याद्री. एकाच प्रवासात टायरची इतकी परीक्षा दुसरीकडे क्वचितच होते. म्हणून इथूनच सुरुवात करू.

व्हॅनचा टायर झिजून नाही, वयाने मरतो

रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीचा टायर झिजतो. त्याची नक्षी उतरते, तो गुळगुळीत होतो आणि आपल्याला ते डोळ्यांनी दिसतं. कॅम्पर व्हॅनचं तसं नसतं. ती वर्षातून दोनतीनदा फिरते आणि बाकीचे महिने एकाच जागी उभी असते. नक्षी खोलच राहते, पण आतलं रबर म्हातारं होत जातं. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात. टायरमध्ये रबर मऊ ठेवण्यासाठी जे घटक मिसळलेले असतात, ते टायर फिरत राहिला तर पृष्ठभागावर पसरत राहतात. उभ्या गाडीत हे काम मंदावतं. मग बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा पडतात.

टायरचं वय ओळखणं अगदी सोपं आहे. टायरच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा आणि शेवटचे दोन म्हणजे वर्ष. '२३१७' लिहिलं असेल तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुमारास तयार झाला. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. त्याच्यासोबत फोटो काढा, पण प्रवास करू नका.

हे आकडे अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बॅटरी मारून पाहा.

मग किती वर्षांनी बदलायचे? मिशेलिनसारख्या कंपन्यांचा सल्ला असा की पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो कितीही चांगला दिसला तरी काढून टाकावा. पण हा दहाचा आकडा म्हणजे शेवटची हद्द आहे. राजस्थान, विदर्भ, मराठवाडा अशा तापणाऱ्या प्रदेशात, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या आणि सामानाने भरलेल्या व्हॅनसाठी सहासात वर्षं झाली की नव्या टायरांसाठी पैसे बाजूला काढायला लागा. भेगा दिसल्या, फुगा आला, तर वय मोजत बसू नका.

आणि हो, स्टेपनी विसरू नका. गाडी घेतली तेव्हापासून खाली लटकलेली स्टेपनी कधी कधी बाकी चार टायरांपेक्षा दुप्पट वयाची असते. गंमत म्हणजे 'स्टेपनी' हा शब्द आपण वेल्समधून उचलला आहे. तिथल्या लानेली गावातल्या स्टेपनी रस्त्यावरच्या एका कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जास्तीचं चाक विकायला सुरुवात केली. नाव आपल्याकडे राहिलं. आता ते चाकही कामाचं राहील याची काळजी घेऊ या.

आधी वजन, मग टायर

दुकानात गेल्यावर आपला पहिला प्रश्न असतो, "कितीला?" खरं तर पहिला प्रश्न हवा, "किती किलोसाठी?"

व्हॅन कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात फक्त बाकं होती. त्यानंतर तुम्ही पलंग केला, कपाट केलं, बॅटरी बसवली, छतावर सोलर पॅनेल आणि कॅरियर लावलं. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो तिथेच वाढले, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यावर सिलिंडर, गाद्या, आजीचं लोणचं आणि सहा माणसं! हे सगळं वजन चार टायरांच्या रबरावर उभं असतं.

म्हणून टायर घेण्याआधी व्हॅन वजनकाट्यावर न्या. राजस्थानात त्याला धर्मकाटा म्हणतात. औद्योगिक वसाहतीजवळ, ट्रकच्या रस्त्यावर एखादा सापडतोच. जाताना गाडी सुट्टीला निघाल्यासारखी भरून न्या. पाणी भरलेलं, इंधन भरलेलं, माणसं बसलेली. तीन वजनं घ्या :

१. पूर्ण गाडीचं वजन.
२. फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पुढच्या आसाचं वजन.
३. फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या आसाचं वजन.

पूर्ण वजन आरसीवर दिलेल्या कमाल वजनापेक्षा जास्त आलं, तर थांबा. मोठा टायर बसवून हा प्रश्न सुटत नाही. ब्रेक, स्प्रिंग, आस हे सगळं त्या कमाल वजनासाठीच बनवलेलं असतं. अशा वेळी टायरच्या दुकानाआधी घरी जाऊन सामान कमी करायचं असतं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा मागच्या आसाचं वजन १४५० किलो आलं. मागे दोन चाकं, म्हणजे प्रत्येकावर ७२५ किलो. पण पाण्याची टाकी आणि ओटा दोन्ही डाव्या बाजूला असतील, तर डाव्या चाकावर ७८० आणि उजव्यावर ६७० असंही होऊ शकतं. निवड नेहमी जास्त भार असलेल्या चाकाकडे बघून करायची. म्हणजे इथे ७८० किलो आणि वर थोडी राखीव ताकद.

ही ताकद टायरवर लिहिलेली असते, फक्त किलोमध्ये नाही तर सांकेतिक आकड्यात. त्याला लोड इंडेक्स म्हणतात. काही आकडे लक्षात ठेवा :

९१ म्हणजे ६१५ किलो
९४ म्हणजे ६७० किलो
९८ म्हणजे ७५० किलो
१०० म्हणजे ८०० किलो
१०४ म्हणजे ९०० किलो
१०६ म्हणजे ९५० किलो

आपल्या उदाहरणात १०० चा टायर जेमतेम पुरतो, १०४ चा निर्धास्त पुरतो. पण हिशोबातून काहीही निघो, गाडी बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेल्या लोड इंडेक्सच्या खाली कधीच जायचं नाही.

टायरच्या भिंतीवरची भाषा

एक साधा नमुना वाचू या : १९५ आर १५ सी १०६/१०४ आर.

१९५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पुढचा 'आर' म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. 'सी' म्हणजे व्यावसायिक, म्हणजे वजन वाहणाऱ्या हलक्या गाड्यांसाठीचा टायर. आपल्याकडे याच कामाच्या टायरवर 'एलटी' असंही लिहिलेलं असतं. १०६ हा एकेरी चाकासाठीचा लोड इंडेक्स आणि १०४ हा जोडचाकासाठीचा. शेवटचा 'आर' वेगाची मर्यादा सांगतो, इथे ताशी १७० किलोमीटर.

वेगाच्या अक्षरासाठी जास्त पैसे घालवायची गरज नाही. आपल्या देशात द्रुतगती मार्गावर कारसाठीही कमाल मर्यादा ताशी १२० ची आहे आणि भरलेली जुनी व्हॅन त्याच्या खालीच चालवायची असते. पैसे घालायचे ते वजनाच्या आकड्यावर.

आता सगळ्यात जास्त होणारी फसगत पाहू. दुकानदार म्हणतो, "१९५ आर १५ सी नाही, पण २१५/७५ आर १५ आहे. बसतो आरामात. वर रुंदही आहे." हिशोब केला तर दोन्हींची उंची खरंच जवळपास सारखी येते. पहिल्याचा व्यास सुमारे ७०१ मिलिमीटर, दुसऱ्याचा सुमारे ७०४. डोळ्यांना फरक कळणारही नाही. पण २१५/७५ आर १५ या मापाचा जीपसारख्या गाड्यांना लागणारा साधा टायर बऱ्याचदा १०० लोड इंडेक्सचा असतो, म्हणजे ८०० किलोचा. मूळ टायर ९५० किलोचा होता. एका टायरमागे १५० किलो कमी, मागच्या दोन टायरांमागे ३०० किलो कमी! टायर 'बसला', पण गाडीची ताकद चार माणसांनी घटली. बाहेरून काहीच दिसत नाही. दिसतं ते मे महिन्यातल्या दुपारी, महामार्गावर.

लहान गाड्यांनाही हेच लागू आहे. १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून आलेली आणि २०१९ पर्यंत बनत राहिलेली ओम्नी आजही अनेक घरांची पहिली कॅम्पर असते. तिला १४५ आर १२ एलटी मापाचे टायर लागतात. ईकोला १५५ आर १३ एलटी. यातला 'एलटी' हा शब्द सजावटीचा नाही. त्याच रिमवर बसणारा साधा कारचा टायर स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका. 'पीआर' म्हणजे प्लाय रेटिंग, तेही पाहा. सहा आणि आठ प्लाय रेटिंगचे टायर मापाने सारखे दिसतात, पण वजन वेगवेगळं उचलतात.

युरोपात कॅम्पर व्हॅनसाठी 'सीपी' खुणेचा वेगळा टायर मिळतो. महिनोन्‌महिने पूर्ण वजनासह उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी त्याची बांधणी जास्त मजबूत असते. आपल्याकडच्या साध्या दुकानात तो शोधत बसू नका. योग्य लोड इंडेक्सचा 'सी' किंवा 'एलटी' टायर, बरोबर हवा आणि वेळेवर बदल, एवढ्यावर आपलं काम उत्तम होतं.

भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय खूण सक्तीची आहे, त्यासाठी २००९ चा गुणवत्ता आदेश आहे. खूण नसलेला, कुठून तरी आणलेला स्वस्त टायर घरच्या गाडीला लावू नका. आणि रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला टायर? ट्रकच्या धंद्यात त्याची जागा आहे. पण वर्षातून दोनदा चालणाऱ्या, मुलाबाळांनी भरलेल्या व्हॅनला, त्यातही पुढच्या चाकांना, तो नकोच.

रिम बदलायची का?

टायरची चर्चा सगळे करतात, रिमकडे मात्र फक्त चकाकी म्हणून पाहिलं जातं. जुन्या व्हॅनची लोखंडी रिम वीस वर्षं खड्डे खाऊन थकलेली असू शकते. टायर उतरवला की दुकानदाराला पुढच्या टायरची घाई करू देऊ नका. दोन मिनिटं मागा आणि तीन गोष्टी पाहा.

एक, नटांच्या भोकांभोवती बारीक भेगा किंवा लांबट झालेली भोकं. दोन, टायर जिथे टेकतो त्या कडेवर गंज. गंजामुळे ट्यूबलेस टायरमधून हळूहळू हवा जाते आणि आपण पंक्चर शोधत राहतो. तीन, चाक फिरवल्यावर कडा डुलते का. भेग असलेली रिम वेल्डिंग करून वापरू नका. ती बदलाच.

नवी रिम घेताना पाच मापं जुळायला हवीत : व्यास आणि रुंदी, नटांची संख्या, नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास (याला मेकॅनिक पीसीडी म्हणतात), मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप. ऑफसेट चुकला तर चाक बाहेर येतं, बेअरिंगवर ताण वाढतो आणि वळताना टायर मडगार्डला घासतो. याशिवाय सहावी गोष्ट म्हणजे रिम किती वजन पेलू शकते. टायर ९०० किलोचा आणि रिम ६०० किलोची, तर जोडीची ताकद ६०० च!

अलॉय व्हील छान दिसतात यात वाद नाही. पण बाजारातले बरेच अलॉय कारसाठी बनवलेले असतात. व्हॅनसाठी घ्यायचेच असतील तर वजनाची क्षमता लेखी विचारा. शिवाय लोखंडी रिमचे नट अलॉयला चालतीलच असं नाही. नटाची बैठक कुठे शंकूसारखी, कुठे गोल, कुठे सपाट असते. बैठक जुळली नाही तर नट घट्ट वाटतो, पण प्रवासात सैल होतो. लांबच्या प्रवासात खेड्यातल्या मेकॅनिककडे लोखंडी रिम सरळ करून मिळते, अलॉय नाही. आमचं मत विचाराल तर जुन्या व्हॅनला नवी, बरोबर मापाची लोखंडी रिम हाच शहाणा पर्याय.

ट्यूबवाल्या जुन्या रिमवर थेट ट्यूबलेस टायर चढवण्याची घाईही करू नका. ट्यूबलेसच्या रिमला आतल्या बाजूला एक उंचवटा असतो, तो टायरची कडा जागेवर धरून ठेवतो. जुन्या रिमला तो नसेल तर हवा थोडी कमी होताच वळणावर टायर कडेवरून सुटू शकतो. ट्यूबलेस हवा असेल तर रिमही त्याचीच घ्या.

आणखी एक सूचना, विशेषतः फार जुन्या टेम्पो, मॅटॅडोरसारख्या गाड्या हौसेने जपणाऱ्यांसाठी. तुमच्या रिमला वेगळी निघणारी लोखंडी कडी, म्हणजे लॉक रिंग असेल, तर तिला घरी हात लावू नका. हवा भरताना ती कडी उडाली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. हे काम लोखंडी पिंजरा असलेल्या ट्रकच्या टायरवाल्याकडेच करून घ्या.

मोठे टायर आणि कायदा

सोशल मीडियावर उंच, जाड टायर लावलेल्या व्हॅन बघून मोह होतो. थोडं थांबा. टायरचा घेर पाच टक्क्यांनी वाढला तर मीटरवर ८० दिसत असताना गाडी ८४ ने पळत असते. इंजिनाला घाट जड जातो, ब्रेकलाही जास्त मेहनत पडते. जुन्या गाडीला हे दोन्ही परवडत नाही.

कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेल्या, कंपनीने ठरवलेल्या गोष्टींशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. व्हॅनचं कॅम्परमध्ये रूपांतर करायचं तर त्यासाठीही आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. परवानगीशिवाय केलेले बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवे येऊ शकतात. म्हणून माप तेच ठेवा, जे दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलं आहे. पट्टी पुसली गेली असेल तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गाडीचा चेसिस क्रमांक देऊन विचारा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर नूतनीकरणाला गाडी तपासली जाते. नियमानुसार चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. टायरच्या खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की मर्यादा संपली. पण पावसाळ्यात घाट उतरायचा असेल तर ३ मिलिमीटरवरच बदलण्याचा विचार करा. खाच उथळ असली की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगायला लागते.

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर महाराष्ट्रात टायरचा विषय घराघरांत पोहोचला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. सरळ काँक्रीटचा रस्ता, तासन्‌तास एकसारखा वेग आणि विदर्भाचं ऊन. पुढे परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी गाड्यांचे टायर तपासायला आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. अडवलेल्या माणसाला राग येतो खरा. पण तो अधिकारी जे पाहतो, तेच आपण घरून निघताना पाहिलं तर?

हवा : फुकटातला विमा

टायर फुटतो तेव्हा आपण म्हणतो, "उन्हाने हवा वाढली आणि फुटला." बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त चेपतो. चेपणं आणि सुटणं यातून आत उष्णता तयार होते. वेग आणि वजन जितकं जास्त, तितकी उष्णता जास्त. शेवटी आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि टायर फाटतो.

म्हणून हवा सकाळी, गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर तपासा. समजा सकाळी २५ अंशांना ६० ठेवली. दुपारी टायरमधली हवा ३० अंशांनी तापली तर काटा ६७ च्या आसपास दाखवेल. हे स्वाभाविक आहे, टायर बनवताना याचा विचार केलेला असतो. घाबरून पंपावर ती पुन्हा ६० केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती ५३ निघेल आणि खरा धोका तिथून सुरू होईल. गरम टायरची हवा सोडायची नाही, हे घरातल्या प्रत्येक चालकाला सांगून ठेवा.

६० हा आकडा फक्त हिशोबासाठी घेतला आहे. तुमच्या गाडीचा आकडा पट्टीवर असतो आणि पुढचा, मागचा वेगळा असू शकतो. नायट्रोजन भरला तर वाईट नाही, पण आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजनवर खर्च करण्यापेक्षा स्वतःचा हवा मोजायचा छोटा काटा घ्या.

दुकानात जाताना

हा भाग मोबाइलवर जपून ठेवा :

• माप, लोड इंडेक्स आणि प्लाय रेटिंग कागदावर लिहून न्या. "व्हॅनचा टायर द्या" एवढंच म्हणू नका.
• चार आकडी तारीख स्वतः वाचा. वर्षभरापेक्षा जुना असेल तर दुसरा मागा.
• एका आसावरचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या. दोनच बदलायचे असतील तर नवी जोडी मागे लावा. मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं कठीण असतं.
• मागे जोडचाकं असतील तर दोन्हींची उंची सारखी हवी. नाहीतर एकच चाक सगळा भार घेतं. आतल्या चाकाची हवाही तपासा.
• ट्यूबलेसला वाल्व्ह नवा घ्या. जास्त हवेच्या टायरला त्या दाबाचाच वाल्व्ह लागतो.
• बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. नट समोरासमोरच्या क्रमाने आणि पुस्तिकेत सांगितलेल्या ताकदीने आवळायला सांगा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.
• पक्कं बिल घ्या. त्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.
• जॅक तुमच्या भरलेल्या गाडीचं वजन उचलेल इतका हवा. पाना नटांना बसतो का, हे घरीच करून पाहा.

२०२० मध्ये नियम बदलून काही नव्या गाड्यांना स्टेपनीतून सूट मिळाली आहे, पण ती ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांसाठी आहे. आपल्या जुन्या व्हॅनने ती सूट घेऊ नये.

गाडी उभी असताना

नवे टायर बसले म्हणजे काम संपलं असं नाही. व्हॅन उभी करताना पाणी काढून टाका, जड सामान उतरवा, हवा पूर्ण ठेवा. टायरवर ऊन पडत असेल तर जुनी चादर किंवा फळी आडवी लावा. तेल सांडलेल्या जागेवर उभी करू नका. महिन्यातून एकदा थोडी फिरवा, नाहीतर निदान हातभर पुढे सरकवा, म्हणजे टायर एकाच ठिकाणी चेपून बसत नाही. हे काम मुलांना सोबत घेऊन करा. टायरवरची तारीख वाचायला शिकलेला दहा वर्षांचा मुलगा पुढे आयुष्यभर प्रत्येक गाडीत बसण्याआधी खाली वाकून बघेल.

पाच टायरांचा खर्च एका झटक्यात मोठा वाटतो हे खरं आहे. घरात त्यावरून वाद होतात. आजोबा म्हणतात अजून एक वर्ष काढू, बाबा म्हणतात दोनच बदलू. अशा वेळी सगळ्यांनी मिळून व्हॅनजवळ जावं आणि टायरवरचे ते चार आकडे मोठ्याने वाचावेत. पैसे कमी असतील तर यंदाची सहल जवळची करा, पुढच्या वर्षी लांबची. सहल पुढे ढकलता येते. पण ताशी ऐंशीच्या वेगात आतला थर सुटलेला टायर आपल्यासाठी थांबत नाही.

तर वाचकहो, आज संध्याकाळी ऊन उतरलं की मोबाइलची बॅटरी लावा आणि आपल्या व्हॅनभोवती एक फेरी मारा. चार टायर आणि एक स्टेपनी, पाच तारखा लिहून घ्या. मग ठरवा, यंदाची सुट्टी कुठे घालवायची ते. तुमचा प्रवास सुखाचा होवो!